फोंड्यातलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि माझा पंचवीस टक्क्यांचा चोर

पाचपैकी चार तारे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकानेच हात जोडले, "वयनी, नाव घालू नका, आधीच टेबलावर जागा नाही." कदंबा बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर, जिन्यात जुने मॉनिटर रचून ठेवलेत ते. फोंड्याच्या माणसाला एवढं पुरे.

मी कवळ्याला घरी बसून डीटीपी करते. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, आरतीच्या पुस्तिका, आणि सगळ्यात जास्त म्हणजे नाटकाच्या संहिता. आमच्याकडे जत्रा म्हटली की नाटक आलंच, आणि संहिता दहा-बारा प्रतींत लागते, तीही उद्या सकाळी. हे सगळं ज्याच्यावर होतं तो कॉम्प्युटर २०१३ साली जोडून घेतलेला. आय-थ्री ३२२० प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, विंडोज सेव्हन, तेही ३२ बिटचं. त्यात पानं मांडायचं पेजमेकर आणि मराठी फाँटांचं श्रीलिपी, आणि श्रीलिपीचं यूएसबीत खोचायचं कुलूप, ते खोचल्याशिवाय श्रीलिपी चालत नाही. इतक्या वर्षांच्या फायली जुन्या फाँटांत आहेत, आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये नाहीत. नव्या मशीनवर त्या उघडल्या की मराठीऐवजी रांगोळी दिसते. म्हणून कुणी सहज "नवा घे ना" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

गेल्या वर्षीच्या चतुर्थीनंतर तो रेंगाळायला लागला. डेस्कटॉपवर मी तो घड्याळासारखा सीपीयू मीटर लावून ठेवलाय, प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारा. त्याचा काटा पूर्वी काम करताना उठायचा आणि हात थांबला की बसायचा. आता मी स्वयंपाकघरात असले तरी तो उभाच. मार्च-एप्रिलपर्यंत पात्राचं नाव टाइप करून मी पुढचा संवाद कागदावर वाचायची, तेव्हा कुठे पडद्यावर अक्षरं उमटायची. पंखा पिठाच्या चक्कीसारखा. भाच्याने येऊन टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किती खातो त्याची यादी, उघडला. वरचा आकडा साठ-सत्तर टक्के, आणि खालच्या यादीत मात्र कुणीच दोन-तीन टक्क्यांच्या वर नाही. "मावशी, व्हायरस असणार," म्हणून तो चहा पिऊन गेला.

मे महिन्यात एका दुकानात नेला. हे नव्हे, दुसरं, आणि त्याचंही नाव राहू दे. पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसून, कॅबिनेट मांडीवर आडवं धरून गेले. त्यांनी रॅम कमी आहे म्हणून चार जीबीची आणखी एक पट्टी घातली, अठराशे रुपये. वर एक "स्पीड वाढवणारा" प्रोग्रॅम टाकून दिला, तो सुरू होताना दोन मिनिटं खायचा. फरक शून्य. उलट आठवड्याभरात आणखी बिघडला, काटा शंभरावर चिकटला आणि दुपारी आपोआप बंद पडायला लागला. परत नेला तर न उघडताच म्हणाले, प्रोसेसर गेला, बोर्डही जाईल, अडतीस हजारांत नवा घ्या.

जुलैत, पाऊस धो धो असताना, या दुकानात आले. इथल्या मुलाने, म्हणजे चाळिशीचा असेल, पण मला मुलगाच, पहिल्यांदा कॅबिनेट उघडलंच नाही. विचारलं, "कधीपासून? सुरू केल्या केल्या होतं की तासाभराने? सकाळी बरा असतो का?" मी म्हटलं, सकाळची पहिली दहा मिनिटं जरा बरा असतो. त्याने मान हलवली आणि एका कागदावर लिहिलं, "दोन आजार." मला वाटलं डॉक्टरकडेच आले.

पहिला आजार त्याने माझ्यासमोर पाच मिनिटांत पकडला. टास्क मॅनेजर उघडला आणि खालचं एक बटण दाबलं, सगळ्या वापरकर्त्यांच्या प्रक्रिया दाखवायचं. विंडोज सेव्हनमध्ये ते दाबल्याशिवाय सिस्टिमच्या नावावर चाललेले प्रोग्रॅम दिसतच नाहीत. भाच्याचं गणित जुळत नव्हतं ते यामुळे. मला म्हणाला, "हें पळेयात," म्हणजे हे बघा. यादीत सगळ्यात वर स्पूलएसव्ही, २५ टक्के. थोडं थांबलो, तरी २५. ना चोवीस, ना सव्वीस.

तो नेमका पाव हिस्सा बघूनच त्याला कळलं होतं. या प्रोसेसरात कोअर, म्हणजे काम करणारे भाग, दोनच, पण विंडोजला ते चार दिसतात. एखादा प्रोग्रॅम एकाच जागी गोल गोल फिरत अडकला तर तो चारांपैकी एक पूर्ण खातो, म्हणून नेमके पंचवीस टक्के. त्याला आधी अपडेटचा संशय होता, कारण सेव्हनमध्ये अपडेट शोधणारी सेवा अशीच अडकून बसायची, पण ती यादीत एसव्हीसीहोस्ट अशा वेगळ्या नावाखाली दिसते. हा स्पूलएसव्ही म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा.

सर्व्हिसेसमध्ये जाऊन त्याने प्रिंट स्पूलर थांबवला, मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. तिथे दोन फायली, एक एसपीएल, एक एसएचडी. तारीख बघितली आणि मी कपाळावर हात मारला. गेल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी वाड्यावरच्या मंडळाची आरतीची पुस्तिका छापत होते, मध्येच वीज गेली, प्रिंटरने राम म्हटला. तो प्रिंटर मी भंगारात दिला, नवा घेतला. पण ती अर्धी पुस्तिका रांगेतच होती. जवळजवळ अकरा महिने हा बिचारा रोज सकाळी उठून, घरात नसलेल्या प्रिंटरवर गणपतीच्या आरत्या छापायला बघत होता. दोन्ही फायली पुसल्या, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर काढला, स्पूलर पुन्हा सुरू केला. काटा एक घर खाली बसला.

दुसरा आजार उष्णतेचा. पेनड्राइव्हवरून त्याने तापमान दाखवणारा छोटा प्रोग्रॅम चालवला. १०४ अंश, आणि वेग ३.३ गिगाहर्ट्झच्या जागी १.६. हा प्रोसेसर १०५ च्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. मग तेच काम दुप्पट वेळ चालतं आणि मीटर सांगतो शंभर टक्के. तरीही उतरलं नाही तर मशीन बंद पडतं. म्हणजे जो प्रोसेसर गेला म्हणून मला सांगितलं होतं, तो इतके दिवस स्वतःला वाचवत होता.

मग कॅबिनेट उघडलं. लाज वाटली. उन्हाळ्यातली तांबडी धूळ, शेजारच्या देवघरातला अगरबत्तीचा धूर आणि पावसाचा दमटपणा मिळून हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर, घोंगडी विणलेली. मागच्या जाळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. पण खरी गोम वेगळीच होती. प्रोसेसरवरचा पंखा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी बोर्डात बसतो, त्यातली एक तुटून बाहेर आलेली. त्यामुळे हीटसिंक एका बाजूने किंचित उचललेला, मधली उष्णता नेणारी पेस्ट वाळून खडू. ही खुंटी मेच्या आधी तुटली की नंतर, पायलटच्या खड्ड्यांत की कुणाच्या हाताने, हे मी विचारलं. "ते मी कसं सांगू?" म्हणाला. हे मला आवडलं. दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडून गिऱ्हाईक बांधायची सोय होती, त्याने ती वापरली नाही.

रॅमचं मात्र त्याला सांगावंच लागलं. संगणकाच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं होतं: ८ जीबी, त्यातली वापरण्याजोगी ३.४१. बत्तीस बिटच्या विंडोज सेव्हनला चारच्या वर वापरताच येत नाही. म्हणजे अठराशेची पट्टी नुसतीच बसलेली. मी ती घेऊन पहिल्या दुकानात गेले, परत घेतली नाही. अजून टेबलाच्या खणात आहे, कुणाला डीडीआर-थ्री जातीची रॅम हवी असेल तर सांगा.

खर्च: नवा पंखा हीटसिंकसकट ६५०, सफाई, पेस्ट आणि मजुरी ५००. तपासणीचे २०० दुरुस्ती केली म्हणून घेतले नाहीत. तो वेग वाढवणारा प्रोग्रॅम फुकटात काढून टाकला. आता रिकामा असताना तापमान ४२-४३, पेजमेकरमध्ये मोठी पुस्तिका उघडली तर साठच्या आसपास. काटा हात थांबला की बसतो.

एसएसडीचं, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कचं, मीच विचारलं. तो म्हणाला, घालायची तर घाला, पण तिने प्रोसेसरचे टक्के उतरणार नाहीत, फाइल उघडायला लागणारा वेळ उतरेल. शिवाय मदरबोर्ड जुन्या एच६१ जातीचा, त्यावर ती अर्ध्याच वेगाने धावेल. विकणाऱ्याच्या तोंडून हे ऐकल्यावर मी ऑगस्टमध्ये २४० जीबीची घातलीच. जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरवून दिली, श्रीलिपीचं कुलूप पहिल्याच फटक्यात ओळखलं गेलं. सुरू व्हायला पूर्वी चार मिनिटं, आता पाऊण.

एका गोष्टीवरून आमचा वाद झाला. सेव्हनचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, क्रोमही २०२३ पासून त्यावर नवं येत नाही, तेव्हा याला इंटरनेटच देऊ नका असं तो म्हणाला. या प्रोसेसरवर विंडोज इलेव्हन रीतसर चढत नाही आणि टेनचा आधारही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे मधला रस्ता नाही. मी कुरकुरले, कारण मंडळवाले मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. शेवटी वायर काढली. आता फोनवरून पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हवरून मशीन. पहिल्या आठवड्यात चार शिव्या दिल्या, आता सवय झाली.

कापलेल्या ताऱ्याचं कारण: मंगळवारी देतो म्हणून शुक्रवारी दिला, आणि मधल्या तीन दिवसांत फोन एकदाही उचलला नाही. माझी एक लग्नपत्रिका त्यात दुसरीकडे गेली, तीही चांगल्या गिऱ्हाइकाची. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितलं की वहीच्या पानावर मिळतं. दुपारी एक ते साडेतीन शटर खाली, हे गोव्यात सांगायला नको, पण मी त्यात दोनदा सापडले. काढलेला पंखा आणि तुटलेली खुंटी मात्र न मागता पिशवीत घालून दिली.

जायचं असेल तर सकाळी साडेनऊला जा, तेव्हा त्याला बोलायला वेळ असतो. फक्त कॅबिनेट न्या, मॉनिटर आणि वायरी तिथे आहेत. तुमच्या प्रोग्रॅमचं असं कुलूप असेल तर ते सोबत न्या, मी विसरले होते आणि कवळ्याला परत फेरी पडली. आणि पायलटने जाणार असाल तर कॅबिनेट उभं धरा.