एका दिवसाचं तंजावर: पॅसेंजर गाडी, मोठं देऊळ आणि मराठीनं भरलेली भिंत

आधी निकाल सांगून टाकते. तमिळनाडूतल्या त्रिचीत एखादा दिवस मोकळा मिळाला आणि तुम्हाला मराठी वाचता येत असेल, तर सकाळची गाडी पकडून तंजावरला जा. आरक्षण, गाइड, हॉटेल काहीही लागत नाही. मी अशीच गेले. लेकीला कॉलेजच्या हॉस्टेलवर सोडलं होतं, माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती आणि त्रिची जंक्शनसमोरच्या लॉजवर दिवसभर बसून करायचं काय, हा प्रश्न होता. सकाळी चहा घेताघेता ठरवलं आणि तिकीटखिडकीवर जाऊन उभी राहिले.

तिकीट अनारक्षित, 50 रुपयांच्या आतलं. अंतर साधारण 50 किलोमीटर, पॅसेंजरनं तासाभराच्या थोडं वर. त्रिचीहून तंजावरला बस सतत सुटतात आणि त्या वेळेलाही बऱ्या पडतात, पण मला विचाराल तर गाडीनंच जा. गाडी सुटली की लगेच पोनमलै येतं. इथं रेल्वेचा जुना कारखाना आहे आणि निलगिरीच्या डोंगरी गाडीसाठी वाफेची नवी इंजिनं याच कारखान्यात बांधली गेली. मग तिरुवेरुंबूर, म्हणजे ‘भेल’ (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या कंपनीची वसाहत. इथवर सगळं शहरीच. बुदलूरच्या आसपास मात्र देखावा एकदम पालटतो. कालवे, पाणी भरलेली खाचरं, वाकून लावणी करणाऱ्या बायका. कावेरीचा त्रिभुज प्रदेश नकाशात पाहिला होता. इथं तो खिडकीला लागून चालला होता. मी सांगलीची, कृष्णाकाठची, त्यामुळे भरलेली नदी आणि काळी जमीन मला नवी नाही. पण पाणी असं आखून, वाटून, शेताशेतांत फिरवलेलं पाहून मी गप्प झाले. समोरच्या अक्कांच्या पायाशी मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली होती. त्यांना हिंदी येत नव्हतं, मला तमिळ. त्यांनी हातभर गजरा तोडून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

गाडीबद्दल तक्रार एवढीच, की बसायला जागा मिळेल याची खात्री नाही. कामावर जाणाऱ्यांच्या वेळेची गाडी टाळा.

तंजावर स्थानकापासून मोठं देऊळ, म्हणजे बृहदीश्वर मंदिर, चालत अर्ध्या तासाच्या आत येतं. रिक्षा करायची तर भाडं आधी ठरवा. मी चालत गेले. देवळाच्या वाटेवरच कालवा लागतो, त्याच्या काठानं सावली असते. आणि इथं वेळेचं गणित महत्त्वाचं आहे: देऊळ दुपारी बंद होतं आणि चारच्या सुमाराला पुन्हा उघडतं. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि अकरानंतर अंगणातली फरशी पाय भाजते. म्हणून सकाळी आधी देऊळ, दुपारी राजवाडा, संध्याकाळी पुन्हा देऊळ. हा क्रम बदलू नका.

रस्त्यावरून आत शिरताना पहिला लागतो तो मराठा दरवाजा. त्याच्या आत चोळांचे दोन गोपुरद्वार, आणि मग ते विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर. राजराज चोळानं हे देऊळ 1010 मध्ये पूर्ण केलं. तेरा मजली दगडी शिखर दोनशे फुटांच्या वर जातं. पुस्तकातल्या फोटोंत ते भव्य दिसतं, पण त्याची खरी गंमत फोटोत येत नाही. जवळ गेल्यावर ते हळूहळू आकाश खात जातं आणि मान मागे टाकली तरी कळस पुरा दिसत नाही. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं तिथं कोणीतरी नक्की सांगेल. नऊच्या सुमाराला मी त्या सावलीतच उभी होते, आणि चांगली लांबलचक होती ती. असल्या कथांची या देवळाला गरजच नाही.

विमानाच्या जोत्याभोवती फिरा आणि खाली बघत फिरा. दगडावर सगळीकडे तमिळ अक्षरं आहेत. देवळाला कोणी काय दिलं, कुठल्या गावचं उत्पन्न लावून दिलं, सगळी नोंद. देवळाच्या सेवेत आणलेल्या 400 नर्तिकांची नावंसुद्धा त्यांत आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाला त्या बायकांची नावं दगडावर राहावीत असं वाटलं, हे मला शिखराइतकंच मोठं वाटलं.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते. आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात गणपतीचं देऊळ आहे. त्या बाजूच्या ओवरीच्या भिंतीवर मराठी आहे. एक-दोन ओळी नव्हेत. भिंतच्या भिंत, देवनागरीत, ओळीखाली ओळ. भोसल्यांच्या घराण्याचा पूर्ण इतिहास. तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी तो 1803 मध्ये कोरून घेतला. सापडला नाही तर ‘मराट्टी कल्वेट्टु’ असं विचारा, देवळातले लोक हात करून दाखवतात. बहुतेक पर्यटक तिथवर पोचत नाहीत. मी होते तेवढ्या वेळात एक कुटुंब सावलीला येऊन बसलं आणि गेलं, बस.

मी गेली काही वर्षं मोडी शिकते आहे, त्यामुळे जुना मजकूर हळूहळू लावत बसायची सवय आहे. तरी हा सोपा नाही. वाक्यं लांब, वळणं जुनी, ऊन आणि धूळ वेगळी. पण शहाजी, शिवाजी, व्यंकोजी ही नावं एकेक करून डोळ्यांत भरू लागली, आणि तमिळ अक्षरांच्या त्या समुद्रात मी एका ओळीवर बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत उभी राहिले. (दगडाला हात लावू नका, अक्षरं झिजतात.)

हा लेख कोरला कधी, ते लक्षात घेऊन वाचा. शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतलं. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, 1798 मध्ये सरफोजी गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी कंपनीशी झालेल्या तहात राज्याचा कारभार गेला. हातात उरला किल्ला आणि भोवतीचा थोडा भाग. म्हणजे राज्य जाऊन चार वर्षं झाल्यावर राजानं आपल्या घराण्याची कहाणी आपल्या भाषेत, चोळांच्या देवळाच्या भिंतीवर लिहून ठेवली. राजराजानं मिळवलेलं आणि दिलेलं लिहिलं. सरफोजींनी आपण कोण होतो ते लिहिलं. एकाच आवारात दोन्ही वाचायला मिळतात. मला तिथून निघवेना.

जेवण बाजाराच्या बाजूच्या एका साध्या मेसमध्ये झालं. केळीच्या पानावर भात, सांबार, वत्तकुळंबु, रसम, पोरियल, ताक. वाढपी पानावर भाताचा ढीग रचतो आणि नको म्हणेपर्यंत थांबत नाही. वत्तकुळंबु चिंचेचा, दाट, आंबटतिखट. आपल्या आमटीच्या सवयीला जरा झटका देणारा, पण मला फार आवडला. नंतर डवरा-टंबलरमधली कॉफी. तिच्यासाठी वेगळा परिच्छेद लिहायला हवा, इतकंच म्हणते.

राजवाडा आधीच्या नायक राजांचा, पुढे मराठ्यांचा. आत निरनिराळ्या भागांची तिकिटं निरनिराळी आहेत, सुटे पैसे जवळ ठेवा. वेळ कमी असेल तर दोनच गोष्टी बघा. पहिली म्हणजे कलादालनातला तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव, 1011 मधला कांस्याचा. नंदी हरवला आहे. त्याच्या पाठीवर टेकवलेला हात तसाच हवेत राहिला आहे आणि तरी शरीराचा सगळा भार त्या नसलेल्या नंदीवर आहे असं वाटतं. डोक्यावर जटा पागोट्यासारख्या गुंडाळलेल्या. शेजारी पार्वती. मी असं शिल्प आजवर पाहिलं नव्हतं. याच दालनात सरफोजींचा संगमरवरी पुतळाही आहे, इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनचा.

दुसरी गोष्ट सरस्वती महाल ग्रंथालय. हस्तलिखितांचा मुख्य साठा अभ्यासकांसाठी. आपल्याला एक संग्रहालयाची खोली बघता येते आणि ती लहान आहे, त्यामुळे मोठी अपेक्षा ठेवून गेलात तर हिरमोड होईल. पण तिथं उभं राहिल्यावर हे आठवा: सरफोजींना श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्यानं शिकवलं, त्यांनी काशीयात्रेतून पोथ्या आणल्या, धन्वंतरी महाल उभारला, डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसकट नोंदी ठेवल्या, छापखाना काढला. मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे या ग्रंथालयात आहेत. आणि सांगलीकर म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत नाटक उभं केलं याचा आम्हाला केवढा अभिमान! तंजावरच्या शहाजीराजांनी (हे व्यंकोजींचे पुत्र) मराठीत नाटकं लिहिली ती त्याच्या सव्वाशे वर्षांहून आधी. हे आमच्या शाळेत कोणी सांगितलं नाही. आता मी भेटेल त्याला सांगते.

तंजावरी बाहुल्या, ताटल्या, सोन्याच्या वर्खाची चित्रं यांची दुकानं राजवाड्याभोवती आहेत. मान डोलावणारी एक बाहुली घेतली, बाकी फक्त पाहिलं.

चारनंतर पुन्हा देवळात गेले. या वेळी फरशी निवलेली होती, गावातली माणसं आलेली होती, मुलं नंदीच्या मंडपाभोवती पळत होती. पश्चिमेच्या उन्हात दगड मधासारखा पिवळा होतो, हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे.

परतीच्या गाड्या संध्याकाळीही आहेत, पण सुट्टीच्या दिवशी डबे भरून येतात. अंधारायच्या आतली गाडी धरलीत तर खिडकी मिळण्याची शक्यता जास्त. एकट्या बाईसाठी दिवसभरात कुठंही अडचण वाटली नाही. पाण्याची बाटली, टोपी, सुटे पैसे आणि जुनी मराठी वाचण्याइतका धीर, एवढं सामान पुरेसं आहे. मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी 13 किलोमीटरवरच्या तिरुवैयारूला संतसंगीतकार त्यागराजांच्या समाधीवर जा. एका दिवसात ते कोंबू नका; तो वेळ त्या भिंतीला द्या.