बायपासनंतर पुन्हा तपासणी: इको, थॅलियम, सीटी की अँजिओ?

बायपास होऊन दोन-तीन वर्षं झाली, आबांना चढावर दम लागतोय, डॉक्टरांनी सीटी अँजिओ सांगितली आहे. गडहिंग्लज किंवा राधानगरीहून कोल्हापूरला, सीपीआर या सरकारी रुग्णालयात नाहीतर राजारामपुरीतल्या दवाखान्यात आलेल्या घरच्यांना दोन चिंता असतात: खर्चाची आणि "अजून किती रेडिएशन घालायचं?" याची. ही दुसरी चिंता रास्त आहे, पण तिचं वजन प्रत्येक तपासणीला सारखं नाही.

आधी माप. निसर्गातूनच आपल्याला जगाच्या सरासरीने वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट (रेडिएशनच्या डोसचं एकक, पुढचे आकडेही यातच) रेडिएशन मिळतं. छातीचा एक एक्सरे 0.1 किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे ऑपरेशननंतर आयसीयूत रोज काढलेल्या एक्सरेंची धास्ती सोडून द्या.

इकोत (हृदयाची सोनोग्राफी) आणि एमआरआयमध्ये हे रेडिएशन शून्य. इको वर्षातून चारदा केला तरी अंगाला काही होत नाही. हृदयाचं पंपिंग, झडपा, हृदयाभोवती साठलेलं पाणी हे सगळं त्यात दिसतं. ग्राफ्ट, म्हणजे बायपासमध्ये जोडलेली नस, उघडा आहे का, हे मात्र नीट दिसत नाही. टीएमटीतही (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) रेडिएशन नाही, पण बायपास झालेल्यांचा ईसीजी बऱ्याचदा आधीच बदललेला असतो, मग पट्ट्यावर चालून निघालेला निष्कर्ष संदिग्ध राहतो. अशा वेळी स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेला इको) करता येईल का, हे जरूर विचारा. माझ्या मते हा पर्याय विचारलाच जात नाही, आणि जायला हवा.

थॅलियम म्हणून सांगितली जाणारी तपासणी (किरणोत्सारी औषध टोचून हृदयाचा रक्तपुरवठा बघणारी) आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम या दुसऱ्या औषधावर होते. साधारण 10 मिलिसिव्हर्ट. खरंच थॅलियम वापरलं तर डोस बराच वाढतो, म्हणून औषध कोणतं ते आधी विचारून घ्या.

खरी निवड असते ती सीटी अँजिओ (शिरेतून डाय म्हणजे रंगद्रव्य देऊन केलेला स्कॅन) आणि तारेच्या अँजिओत (हातातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून केलेली). नव्या मशीनवर सीटी 5 च्या आत बसू शकते, जुन्यावर 10-15 पर्यंत जाते. बायपासनंतर छातीचा जास्त भाग घ्यावा लागतो, म्हणून आकडा थोडा चढतोच. ग्राफ्ट त्यात छान दिसतात. मूळच्या, चुना साचलेल्या नसा तितक्या नाहीत. तारेची अँजिओ साधारण 5 ते 7, आणि त्याच बैठकीत स्टेंट टाकला तर 15 च्या आसपास. ग्राफ्ट शोधत फिरावं लागलं तर वेळ आणि डोस दोन्ही वाढतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर दोन्हीकडे रेडिएशनपेक्षा डायचीच काळजी मोठी. त्रास स्पष्ट असेल आणि स्टेंट लागणारच असं वाटत असेल, तर आधी सीटी करून मग अँजिओ म्हणजे दोनदा डोस. मी थेट अँजिओच्या बाजूने आहे. शंका फक्त ग्राफ्टची असेल तर सीटी.

धोका किती? सर्व वयांच्या सरासरीने धरलेला आंतरराष्ट्रीय अंदाज असा, की 10 मिलिसिव्हर्टमुळे 2000 जणांत एखाद्याला पुढे कधीतरी जीवघेणा कर्करोग होऊ शकतो. पासष्टीच्या माणसाला त्याहून कमी, कारण असा कर्करोग व्हायलाच अनेक वर्षं लागतात. छातीत दुखतंय, घाम फुटतोय, तर हा हिशेब करत बसू नका, तडक इमर्जन्सी गाठा.

उलट, काहीच त्रास नसताना "एकदा बघून घेऊ" म्हणून पाच वर्षांच्या आत थॅलियम किंवा सीटी सांगितली, तर थांबा आणि विचारा: यात काही निघालं तर उपचार बदलणार आहेत का?

जन्मजात दोषासाठी ऑपरेशन झालेल्या लेकरांची गोष्ट वेगळी. वाढत्या पेशी रेडिएशनला जास्त हळव्या असतात, आणि त्यांना साठ-सत्तर वर्षं काढायची असतात. तिथे आधी इको, मग एमआरआय, आणि सीटी त्याशिवाय भागत नसेल तरच. छातीच्या हाडाला बांधलेल्या तारा आणि बहुतेक कृत्रिम झडपा एमआरआयला चालतात. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड आधी दाखवावं लागतं.

सीटी झाली की रिपोर्टवर डीएलपीचा (सीटीत दिलेल्या एकूण डोसचं माप) आकडा आहे का बघा, नसेल तर टेक्निशियनकडून लिहून घ्या. आणि सीडी मागूनच निघा. दुसऱ्या दवाखान्यात जुनी सीडी नाही म्हणून तीच तपासणी पुन्हा होते, तो डोस पूर्णपणे वाया गेलेला असतो.