चिमटा की काटा? लाइनमनचं वाढलेलं वजन मोजताना

अमेरिकेत कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात नव्यानं आलेल्या लाइनमनच्या, म्हणजे पुढच्या फळीत अंगाच्या जोरावर समोरच्याशी भिडणाऱ्या खेळाडूच्या, मागे कोचचा एकच धोशा असतो: वजन वाढव. ११० किलोचा पोरगा दीड-दोन वर्षांत १३० ला टेकतो. २०१४ मध्ये एनसीएएनं, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिथल्या नियामक संस्थेनं, डिव्हिजन वन या वरच्या गटातल्या खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादाही उठवली, त्यामुळे खुराकाची ददात नाही. त्या वीस किलोंत मांस किती आणि चरबी किती, हे मात्र कुणीतरी मोजावं लागतं. एका विद्यापीठात शिकताना दोन हंगाम ते 'कुणीतरी' मी होतो.

डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी अंगातली चरबी मोजणारा स्कॅन, मिळत असेल तर प्रश्नच मिटला, असं वाटतं. पण १४० किलोचा माणूस त्या टेबलावर मावत नाही, दंड बाहेर लोंबतात. मग अर्धं अंग स्कॅन करून दुसरी बाजू तशीच धरायची. शिवाय ते दर महिन्याला कोण करणार? तेव्हा खरी निवड उरते ती पायाखालचा बायोइम्पिडन्सचा काटा, म्हणजे अंगातून हलकी वीज सोडून मांस-चरबी सांगणारा वजनकाटा, आणि कातडीची घडी धरून तिची जाडी मोजणारा कॅलिपर, म्हणजे आमचा चिमटा, या दोघांत.

सोय पाहिली तर काटा कधीही सरस. पोरगा अनवाणी उभा राहिला की मिनिटाच्या आत चिठ्ठी बाहेर. चिमट्याला सात जागा, प्रत्येक जागा दोनदा, म्हणजे माणशी दहा मिनिटं. वर हाताचा फरक आहेच: माझा जोडीदार घडी जरा खोल धरायचा, त्याचे आकडे माझ्याशी कधी जुळले नाहीत.

तरी माझं मन काट्यावरून उडालं ते ऑगस्टच्या कॅम्पात. सोमवारी १२८ किलो भरलेला एक पोरगा दोन दिवस उन्हात घाम गाळून बुधवारी १२५ वर आला. काट्यानं सांगितलं, मांस पाच किलोनं घटलं. वजन गेलं तीन किलो आणि मांस पाच, म्हणजे दोन दिवसांत दोन किलो चरबी चढली म्हणायची! काटा अंगातून वीज सोडतो, ती पाण्यातून वाहते. पाणी घटलं की रोध वाढतो, आणि चरबी सोडून उरलेल्या अंगात ७३ टक्के पाणी आहेच असं धरून चालणारं यंत्र मांसच कमी झालं समजतं. हे मला कळत होतं. पण तो चिठ्ठी धरून उभा होता, "मग दोन महिने जिममध्ये मी काय केलं?" असं विचारत. भरपूर पाणी पिऊन शुक्रवारी आला तेव्हा मांस परत जागेवर. पुढे मी चिठ्ठी फाडून खिशात घालायला लागलो.

नुसत्या वजनावर भरवसा ठेवू नये, हे तर फार पूर्वीच कळलं होतं. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेंकी यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंना पाण्याखाली तोललं. उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्यातले १७ जण जादा वजनामुळे लष्करी भरतीत बाद ठरत होते. पाण्यातल्या वजनावरून अंगाची घनता पाहिली, तर बहुतेकांच्या अंगात चरबी कमीच निघाली. आमच्या कोल्हापुरात वस्ताद पाठीवरून हात फिरवून हेच ओळखायचे. चिमटा मला त्या हाताच्या जवळचा वाटतो, एवढंही असेल.

चिमट्याची खोट मोजणाऱ्याइतकीच सूत्रातही आहे. घड्यांवरून चरबीची टक्केवारी काढायची जॅक्सन-पोलॉकची १९७८ ची सूत्रं अशा धिप्पाड पोरांसाठी बेतलेली नाहीत. म्हणून मी टक्केवारी काढणंच सोडलं. सात घड्यांचे मिलिमीटर वहीत उतरवायचे आणि बेरीज करायची. वजन पाच किलोनं वाढलं आणि बेरीज जवळपास तिथंच राहिली, तर खुराक अंगी लागला. पोटाची घडीच फुगली असेल, तर जेवणाकडे पाहायचं.

शंभर खेळाडू आणि मोजणारे तुम्ही एकटे असाल, तर काट्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त सकाळी उपाशीपोटी, सरावाआधी, रोज त्याच वेळी. तीस-चाळीस जण असतील तर माझं मत तुम्हाला कळलंच असेल. चिमटा मोठ्या जबड्याचा घ्या, लाइनमनच्या पोटाला साधा पुरत नाही. आणि घडी धरायची जागा खुणेनं दाखवायला स्केचपेनं जास्तीची ठेवा, घामात खूण टिकत नाही.