फ्री सर्व्हिस, पॅकेज की बाहेरचा मेस्त्री? वॉरंटीतल्या गाडीचा सोलापुरी हिशेब

‘फ्री सर्व्हिस होती ना, मग हे तीन हजार कसले?’ वर्कशॉपच्या काउंटरवरचा हा नेहमीचा प्रश्न. उत्तर सर्व्हिस बुकलेटच्या कूपनवरच छापलेलं असतं, पण नव्या गाडीला हार घालायच्या गडबडीत ते कोण वाचतंय? फ्री असते ती मजुरी. ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा वायसर, कूलंटचा टॉपअप यांचे पैसे बहुतेक कंपन्या ग्राहकाकडूनच घेतात. हजार-दीड हजार किलोमीटरच्या पहिल्या सर्व्हिसला तर बऱ्याच गाड्यांचं ऑइल बदलतही नाहीत. तपासणी, टॉपअप, धुलाई, झालं. ऑइल बदललं नाही म्हणून तिथे भांडण्यात अर्थ नाही. आधी आपल्या मॉडेलचा तक्ता बघावा.

गाडी वॉरंटीत असेपर्यंत वाटा तीन. एक, अधिकृत वर्कशॉपमध्ये फ्री कूपनं वापरायची आणि पुढे लागेल तसे पैसे भरायचे. दोन, दोन-चार वर्षांचं मेंटेनन्स पॅकेज आगाऊ घ्यायचं. तीन, कूपनं संपली की, किंवा त्याआधीच, ओळखीचं गॅरेज धरायचं. कोणती वाट स्वस्त हे सगळेच विचारतात. इंजिनचा क्लेम अडला तर कोणत्या वाटेचा कागद टिकेल, हे फार कमी लोक विचारतात. ऑइलमागे वाचणारे पाचशे रुपये आणि नाकारलेला इंजिनचा क्लेम एका तराजूत घातले तर पारडं कुठे झुकतं हे सांगायला नको.

आधी तारीख, मग किलोमीटर

तिन्ही वाटांवर नडणारं वाक्य एकच: ‘किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते.’ जुळे सोलापूर ते सात रस्ता आणि रविवारी कधी तुळजापूर, एवढंच फिरणाऱ्या गाडीचे वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर होतात. मालक म्हणतो, दहा हजार कुठे झालेत अजून? कागद म्हणतो, वर्ष उलटलं. कमी पळणाऱ्या गाड्यांचे क्लेम इथेच अडकतात. सवलतीचे किती दिवस आणि किती किलोमीटर मिळतात ते कंपनीगणिक वेगळं असतं आणि बुकलेटमध्येच सापडतं. सर्व्हिस अॅडव्हायझरच्या ‘चालतंय हो’वर विसंबू नये. दिवाळीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नसेल तर मुदत संपण्याआधी अॅपवर किंवा ईमेलने मागणी नोंदवा आणि तिचा स्क्रीनशॉट ठेवा. उशीर कोणाचा हे त्या एका चित्राने ठरतं.

मॅन्युअलमधलं ‘खडतर वापर’ हे पान तर वाचलंच पाहिजे. धूळ, कडक ऊन, थोडं-थोडं अंतर आणि सतत थांबत चालवणं, असा वापर असेल तर ऑइल आणि एअर फिल्टर लवकर बदलायला तिथे सांगितलेलं असतं. मे महिन्यातलं सोलापूर आणि उसाच्या हंगामात मोहोळ-पंढरपूरकडचे रस्ते त्यात नक्की बसतात. वर्कशॉप आपणहून ही आठवण करून देईलच असं नाही, पण क्लेमच्या वेळी कंपनीचा माणूस याच पानावर बोट ठेवू शकतो.

बीएस-६ डिझेल गाडीची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. गाडी जरा लांब, सलग चालली की आतली काजळी जळून जाते. रोज चार किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत हे काम अर्धवट राहतं. जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढा: पातळी कमी व्हायच्या ऐवजी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, थेंब बोटांत पाण्यासारखा निसटत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. ऑइल बदलून घ्या, तेही वर्कशॉपमध्ये आणि जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, कारण लिहून. पुढे टर्बोने मान टाकली तर ‘वापर चुकीचा होता’ या मुद्द्याला तेच उत्तर.

वाट पहिली: कूपन आणि बिल

इथला वाद ऑइलपेक्षा बिलातल्या जादा ओळींवर जास्त होतो. हिशेबासाठी आकडे धरू. पेट्रोल गाडी, फिल्टरसह साडेतीन लिटर ऑइल, कर सोडून ६०० रुपये लिटर: २,१०० रुपये. फिल्टर २००, वायसर ३०. बेरीज २,३३०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २,७५० रुपये. इथपर्यंत बिल रास्त आहे. त्याखाली एसी डिसइन्फेक्शन ९०० आणि इंजिन कोटिंग ७०० अशा दोन ओळी आल्या की करासह १,८८८ रुपये वाढले. फ्री झालेली मजुरी हजार रुपयांची धरली तर करासह वाचले १,१८०. आवळा दिला आणि कोहळा काढला.

यावर उपाय गाडी आत जाण्याआधीच करावा लागतो. एस्टिमेट मॅन्युअलच्या तक्त्याशी ओळ-ओळ ताडून पाहा. तक्त्यात नसलेलं इंजिन फ्लश, कोटिंग, ट्रीटमेंट जॉबकार्डवरच खोडायला लावा आणि ‘एस्टिमेटबाहेरचं काम फोन केल्याशिवाय करू नये’ हे लिहून घ्या. व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग सहसा फ्रीमध्ये येत नाही. गाडी एका बाजूला ओढत नसेल आणि तक्त्यात त्या टप्प्याला ते नसेल तर नको म्हणा.

ऑइलचं प्रमाणही तपासा. मॅन्युअलमध्ये क्षमतेचे दोन आकडे असू शकतात, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. आपल्याला लागतो तो फिल्टरसह. वर्कशॉपमध्ये ऑइल बॅरलमधून येतं, त्यामुळे रिकामा डबा दिसत नाही. गाडीत साडेतीन आणि बिलात चार लिटर असेल तर आपल्या आकड्यांनी ३५४ रुपयांचा फरक पडतो. आणि खरोखरच चार लिटर ओतलं असेल तर ते जास्त वाईट, कारण क्रँकशाफ्ट जादा ऑइल घुसळून फेस करतो. म्हणून सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघूनच गाडी ताब्यात घ्या.

आणखी एक छोटी पण महाग पडणारी चूक म्हणजे जॉबकार्डवरचे किलोमीटर. ९,८४० चे १९,८४० टाइप झाले तर कंपनीच्या रेकॉर्डमध्ये एक सर्व्हिस चुकलेली दिसते. गेटवरच वाचा, तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

वाट दुसरी: पॅकेज

पॅकेज विकताना वर्षं सांगतात. घेताना आपण सर्व्हिसेस मोजायच्या. ‘४ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर’ म्हणजे दहा हजारांच्या अंतराने चार सर्व्हिसेस. दर आठवड्याला पुण्याला जाऊन येणाऱ्या गाडीचे तेवढ्यातच वर्षाला पंचवीस हजारांवर किलोमीटर होतात. तिचं पॅकेज दीड-एक वर्षात आटोपतं. कमी फिरणाऱ्याला चार वर्षं पुरतं, पण ब्रेक पॅड, वायपर, क्लच असलेलं महागडं पॅकेज त्याच्या काही कामाचं नाही. वीस हजार किलोमीटरमध्ये ब्रेक पॅड संपतात कुठे?

पैसे भरण्याआधी कोणते सुटे भाग, किती वेळा आणि किती लिटर ऑइल, याची छापील यादी घ्या. ‘सगळं येतं त्यात’ हे वाक्य यादी नव्हे. गाडी विकली तर पॅकेज नव्या मालकाच्या नावावर होतं का आणि अपघातात गाडी निकालात निघाली तर उरलेले पैसे परत मिळतात का, हेही त्यातच बघा. सगळ्यात महत्त्वाचं, पॅकेज कंपनीचं आहे की डीलरचं स्वतःचं? कंपनीचं सहसा देशभर चालतं. डीलरचं त्याच्या दारापुरतं. तुमच्या ब्रँडचं सोलापुरात एकच वर्कशॉप असेल आणि तिथे बिनसलं, तर पुढचं पुण्यात, अडीचशे किलोमीटरवर. तिथे डीलरचं पॅकेज दाखवून उपयोग नाही.

जुन्या कोटेशनशी तुलना करताना करही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी बऱ्याच भागांवर २८ होता. त्याआधीच्या दरांवर ‘पॅकेजमध्ये एवढी बचत’ असं कोणी दाखवत असेल तर बेरीज पुन्हा मांडायला सांगा.

वाट तिसरी: बाहेरचं गॅरेज

‘बाहेर हात लावला की वॉरंटी गेली.’ हे वाक्य काउंटरवर छातीठोकपणे सांगितलं जातं, पण पूर्ण खरं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असं त्यात म्हटलं आहे. पुढे अपिलं झाली, दंडाचा वाद वरच्या पायऱ्यांवर गेला. ग्राहकाने धरून ठेवायचं ते तत्त्व: बिघाड आणि बाहेरचं काम यांचा संबंध काय, हे कंपनीने सांगावं. बाहेर ऑइल बदललं म्हणून पॉवर विंडोचा क्लेम नाकारणं या कसोटीवर टिकत नाही. टर्बो, बेअरिंग, टायमिंग चेन यांचा क्लेम मात्र ऑइलशी सहज जोडता येतो, आणि तिथे आपला कागद भक्कम लागतो.

भक्कम म्हणजे कसा? मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० हा ऑइलचा ग्रेड लिहिला असेल तर तेच, ‘आपल्याकडच्या उन्हाला जरा जाडच बरं’ या सल्ल्यावर २०डब्ल्यू-५० नाही. डीपीएफवाल्या डिझेलला त्यासाठीचं कमी राखेचंच ऑइल. सीलबंद डबा समोर उघडायला लावा, बॅच नंबरचा फोटो काढा, फिल्टर कंपनीचा घ्या. बिलावर गाडी नंबर, किलोमीटर, तारीख आणि ऑइलचा पूर्ण ग्रेड हवा. वहीच्या पानावरची ‘ऑइल बदली’ ही नोंद ग्राहक आयोगापुढे फारशी कामाची नाही.

कामात चुकतं ते दोन ठिकाणी. बऱ्याच गाड्यांचा चेंबर अॅल्युमिनियमचा असतो. ड्रेन बोल्ट लांब पान्याने दाबून आवळला की आटे जातात. मग टेफ्लॉन गुंडाळून वेळ मारून नेतात आणि पार्किंगमध्ये काळा डाग दिसू लागतो. वायसर नवा टाकून टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळायला सांगा. दुसरी चूक फिल्टरची. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहते, तिच्यावरच नवा फिल्टर बसतो आणि हायवेवर दाब वाढला की दोन रिंगांमधून ऑइल फवारतं. नवा फिल्टर बसवण्याआधी ती जागा बोटाने पुसून बघायला दहा सेकंद लागतात. रिंगला ऑइलचं बोट लावावं, टेकल्यावर हाताने पाऊण वळसा. पान्याची गरज नसते.

आमचं मत सरळ आहे. वॉरंटी असेपर्यंत ऑइलसाठी बाहेर जाऊ नका, वाचतं ते फार थोडं. टायर, अलाइनमेंट, धुलाई, वायपर खुशाल बाहेर करा. वायरिंग मात्र मुळीच नको: जादा हॉर्न आणि लाइटसाठी कापलेली एक वायर इलेक्ट्रिकल क्लेमची वाट लावते.

अक्कलकोट-गाणगापूर-तुळजापूर-पंढरपूर करणाऱ्या पिवळ्या पाटीच्या गाडीचं गणित निराळं. महिन्याला चार हजार किलोमीटर धरले तर अडीच महिन्यांत एक ऑइल आणि एक लाख किलोमीटरची वॉरंटी पंचवीस महिन्यांत खलास. तिला झिजणारे भाग धरून असलेलं पॅकेज परवडू शकतं. फक्त टॅक्सी-वापराला वॉरंटीच्या अटी वेगळ्या आहेत का, ते पैसे भरण्याआधी वाचा.

वाजलंच तर

बिलावरच्या जादा ओळीसाठी आधी वर्कशॉपचा मॅनेजर, मग कंपनीला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. गाडी अडवून धरली असेल तर पैसे भरा, पण बिलावर ‘हरकत नोंदवून रक्कम भरली’ असं लिहून सही करा आणि फोटो काढा. तीनशे रुपयांसाठी आयोगात जाण्यात शहाणपण नाही.

नाकारलेला क्लेम ही वेगळी गोष्ट. ‘कंपनीने नाही सांगितलं’ हे तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलं, हे लेखी मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, सोलापूरकराला सोलापुरात दाद मागता येते. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. मोबदल्यापोटी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. वाद सर्व्हिसचा असेल तर ही रक्कम सर्व्हिस बिलाची, गाडीच सदोष म्हणत असाल तर गाडीच्या किमतीची. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येतं. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवत बसतो. स्वतः चालवून पोट भरणारा टॅक्सीवालाही या कायद्याने ग्राहकच आहे.

इंजिन उघडायची परवानगी मागायला फोन आला तर होय म्हणण्याआधी दोन गोष्टी ईमेलने कळवा: चेंबरमधलं ऑइल काढताना माझ्यासमोर काढा आणि शंभर-दोनशे मिलिलिटर बाटलीत सील करून द्या, काढलेले भाग लेखी संमतीशिवाय भंगारात टाकू नका. एकदा ते ऑइल जुन्या ऑइलच्या बॅरलमध्ये गेलं की ग्रेड कोणता होता, कोणी कधी भरलं, हे सिद्ध करायला काही उरत नाही.