पेट्रोलचा वास: छोटा भाग बदलून भागेल की आख्खी असेंब्ली?

गाडीत पेट्रोलचा वास येतो म्हटल्यावर एक गॅरेज सांगतं, "नळीचा तुकडा टाकतो, भागून जाईल." दुसरं सांगतं, "असेंब्लीच बदला." कोणाचं ऐकायचं, हे गळती नेमकी कुठे आहे यावर ठरतं.

त्याआधी गाडीखाली वाकून बघा. ओलं दिसलं, थेंब पडताना दिसला, तर चावीला हात लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते. ती वर न जाता बेसमेंट पार्किंगच्या फरशीवर साचते आणि स्टार्टरची एक ठिणगीही तिला पुरते. गाडी ढकलून उघड्यावर काढा आणि टोइंगवाल्याला बोलवा. पुढचं सगळं खाली थेंब किंवा ओल नसताना येणाऱ्या वासासाठी आहे.

वास कधी येतो, यावरून अर्धं निदान होतं. टाकी फुल केल्यावर एक-दोन दिवस येऊन मग जात असेल, तर टाकीचा वरचा भाग, भरायच्या नळीचा जोड किंवा कॅनिस्टर (टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा) बघा. सकाळी थंड इंजिनावर येऊन गरम झाल्यावर कमी होत असेल, तर संशय इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) ओ-रिंगवर, म्हणजे जोडातल्या गोल रबरी रिंगवर: कडक झालेलं रबर थंडीत आकसतं आणि तापल्यावर पुन्हा बसतं. गरम गाडी उभी केल्यावर बॉनेटकडून येत असेल, तर होज, म्हणजे पेट्रोलची रबरी नळी, तपासा. फक्त सायलेन्सरमधून येत असेल, तर बहुधा ती गळती नसून मिश्रण श्रीमंत (पेट्रोल जास्त, हवा कमी) झालेलं असतं किंवा एखादा स्पार्क प्लग ठिणगी मारत नसतो. सीएनजी गाडीत कुजक्या कोबीसारखा वास आला, तर तो पेट्रोलचा नाही, गॅसचा आहे. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा.

होज: तुकडा की पूर्ण लांबी

उंदरानं एकाच जागी कुरतडलं असलं, तरी मध्ये पितळी जोड घालून तुकडा बसवू नका. एका भोकाच्या बदल्यात दोन नवे जोड तयार होतात, आणि इंजेक्शनच्या गाडीत तिथे साधारण ३ बारचा दाब असतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नवी होज घाला. होजवर छापलेलं वाचा: आर७ ही कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी, इंजेक्शनला आर९ हवी. जुन्या गाड्यांतलं साधं नायट्राइल रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला कमी टिकतं, तेव्हा एक होज फुगली असेल तर बाकीच्याही दाबून बघा. खाचांची पट्टी असलेली क्लिप रबर कापते. गुळगुळीत पट्टीची घ्या. नायलॉनची लाइन आणि 'क्लिक' होणारा कनेक्टर असेल, तर तिथे होज-क्लिपचा जुगाड चालत नाही, कंपनीचीच लाइन लागते.

ओ-रिंग की इंजेक्टर

इथे स्वस्त उपाय बहुतेक वेळा बरोबर ठरतो. इंजेक्टर आणि रेलच्या (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) जोडाभोवती डाग किंवा ओल असेल, तर फक्त ओ-रिंग बदला, पण सगळ्या सिलिंडरच्या एकदम. रेल काढायची मजुरी तीच लागते आणि बाकीच्या रिंगांचं वयही तेवढंच असतं. फ्लुओरो रबरच्या रिंग मागा. बसवताना स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावा, नाहीतर कोरडी रिंग घासून चिरते. ग्रीस नको.

इंजेक्टर बदलायचा तो टोकातून गळत असेल तरच. डिपस्टिकला पेट्रोलचा वास, ऑइलची पातळी खुणेच्या वर आणि गरम इंजिन सुरू व्हायला वेळ, या त्याच्या खुणा. अशी गाडी चालवत राहू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, म्हणून इंजेक्टरबरोबर ऑइलही बदला. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत हा विचार घरी करूच नका. तिथे दाब १०० बारच्या वर जातो आणि सील बसवायला वेगळी हत्यारं लागतात.

पंपाचं सील की मॉड्यूल

पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो. बऱ्याच हॅचबॅकमध्ये त्याच्यावर, मागच्या सीटखाली झाकण असतं. काहींत मात्र टाकी खाली उतरवावी लागते. झाकणाखालच्या धुळीत ओलं कडं दिसलं, तर सील गेलंय. जुनं सील पेट्रोलनं फुगतं आणि खाचेत परत बसत नाही, म्हणून पंप उघडला की नवं सील घालायचंच. टाकी पावपेक्षा कमी असतानाच उघडा. पंप टाकीला आवळणाऱ्या लॉक रिंगवर लोखंडी स्क्रू ड्रायव्हर ठोकणारा फिटर असेल तर थांबवा: ठिणगीही उडते आणि रिंगही तुटते. पंपाच्या वरच्या प्लॅस्टिकला किंवा निपलला (नळी बसते ते टोक) तडा असेल, तर सीलनं काही होत नाही. एम-सीलही तिथे टिकत नाही. मॉड्यूलच, म्हणजे पंपाची पूर्ण असेंब्ली, घ्या.

पर्ज व्हॉल्व्ह की कॅनिस्टर

पर्ज व्हॉल्व्ह कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडतो. इंजिन बंद असताना त्याच्या नळीत फुंका. हवा आरपार गेली तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. तो एकटा बदला, काम किरकोळ आहे. कॅनिस्टर हातात जड लागला, किंवा नळीत कोळशाचे काळे कण आले, तर नवाच लागतो. धुऊन वाळवलेला कोळसा पुन्हा नीट काम करत नाही. आणि पेट्रोल पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणणं सोडा. त्या जादा पेट्रोलनंच कॅनिस्टर बुडतो.

कार्ब्युरेटरची होज, टाकीचं झाकण, पर्ज व्हॉल्व्ह एवढं घरी जमतं. दाबाच्या लाइनला हात लावण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं लागतं, मग बॅटरीची ऋण तार सोडायची. हे काम उघड्यावर करा आणि पावडरचं अग्निशामक शेजारी ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर थेट सर्व्हिस सेंटर.

काम झाल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. चावी तीन-चार वेळा नुसती ऑन-ऑफ करा म्हणजे लाइनमध्ये दाब येईल, आणि प्रत्येक जोडाभोवती पांढरा टिश्यू फिरवा. कोरडा निघाला तर इंजिन दहा मिनिटं चालवून, बंद करून पुन्हा तपासा. ओ-रिंगचं काम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, आणखी एकदा.