तुंबडी लावायची, पण कोरडी की रक्ताची?

रावेरकडच्या चुलतभावाचा फोन आला, केळीचे घड वाहून वाहून पाठ धरलीय, कोणीतरी म्हणे कपिंग कर, करू का? मागून त्याची पोरगी, काका मला तर कोर्सच करायचाय. दोघांना जे सांगितलं तेच लिहितो.

कपिंग म्हणजे आपली तुंबडीच, कातडीवर कप लावून ओढायची. सुश्रुतसंहितेत रक्त काढायला शिंग, जळू आणि भोपळा सांगितलाय, आता प्लास्टिकचे कप अन् हातपंप आले एवढंच. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पोहणाऱ्या मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर ते गोल डाग दिसले, मग जिमवाली पोरंही विचारायला लागली.

कोरड्या तुंबडीत नुसती हवा ओढतात, कातडी वर उचलली जाते, पाच-दहा मिनिटांत कप काढतात. डाग जितका काळा तितकी घाण निघाली असं सांगतात ना, तसं नसतं भो, ओढल्याने बारीक रक्तवाहिन्या फुटतात, मुका मार लागल्यावर निळं पडतं तेच हे, आठवड्या-दोन आठवड्यात जातं. पाठ-मान थोडी हलकी होते, पण तो आराम काही दिवसांचा, अन् त्याचे पुरावेही फार भक्कम नाहीत. आगीचा कप मात्र नको, भाजतं.

रक्ताच्या तुंबडीत, म्हणजे हिजाम्यात, कप लावून वरवरचे बारीक चिरे मारतात आणि पुन्हा कप लावून रक्त ओढतात. इथे माझा जीव खालीवर होतो. ब्लेड आणि कप तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेले नवेच पाहिजेत, नाहीतर हिपॅटायटिस बी-सी, एचआयव्ही, काहीही घरी येऊ शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, साखरेमुळे जखम लवकर भरत नसेल, तर नाहीच. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) खूप आहे, तिकडच्यांनी आधी रक्त तपासून घ्या, आधीच रक्त कमी असलेल्या माणसाचं अजून काढणं मला पटतच नाही. पाठदुखीसाठी तर चिरे कशाला?

शिकायचं म्हणाल तर दोन दिवसांच्या शिबिराचं सर्टिफिकेट म्हणजे डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन नव्हे. हिजामा हा युनानी उपचारांचा भाग, त्याची डिग्री बीयूएमएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची, अक्कलकुव्याला कॉलेजही आहे, पण ॲडमिशन नीट (NEET) परीक्षेवरून. फिजिओथेरपी केली तर कोरडं कपिंग तिच्या कामात एक जास्तीचं हत्यार होईल, व्यायाम शिकवणं हेच मुख्य. कप लावणं दुपारभरात येतं, कोणाला लावायचा नाही हे शिकायला वर्षं लागतात, म्हणून पोरीला म्हटलं आधी नीटचा अभ्यास कर.

भावाला म्हटलं कोरडं करून बघ, फिजिओकडेच, आणि घड एकट्याने उचलू नको. पायात मुंग्या येत असतील, पाय लुळा पडत असेल किंवा लघवी कळेनाशी झाली तर कपबिप सोड, त्याच दिवशी जळगावला हाडाच्या डॉक्टरकडे ये, मी स्टँडवर घ्यायला येतो.