पीसीपी एअर पिस्तूल: कोकणात एक पावसाळा काढल्यावर

पीसीपी म्हणजे सिलिंडरात आधीच दाबून भरलेल्या हवेवर छर्रा सोडणारं पिस्तूल. पण आधी त्याच्या पेटीबद्दल लिहितो. पिस्तुलाबद्दल सगळे लिहितात, पेटीबद्दल कोणी लिहीत नाही आणि माझं डोकं फिरवलं ते पेटीनेच. काळी, कडक प्लॅस्टिकची, दोन ठिकाणी कुलूप लावायची सोय, आत करडा फोम आणि फोममध्ये पिस्तुलाच्या मापाचा खड्डा. दुकानात बघून माणूस भुलतो. कंपनीच्या पुस्तिकेत ठळक छापलंय, वापर नसेल तेव्हा पिस्तूल याच पेटीत कुलपात ठेवा. गणपतीत घर पाहुण्यांनी आणि पोरांनी भरलेलं, तेव्हा तसंच ठेवलं. गौरी गेल्यावर पेटी उघडली तर बॅरलच्या एका अंगाला तांबूस पुरळ. चष्मा लावून पाहिलं तर पुरळ फोमच्या छिद्रांच्या नक्षीप्रमाणेच उठलेली. जिथे फोम टेकलेला तिथे ठिपका, जिथे टेकलेला नाही तिथे बॅरल स्वच्छ. मागच्या साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खाचेचे, दोन्ही स्क्रू लाल. फोम हाताला कोरडाच लागत होता. वर्तमानपत्राचा कपटा त्यात दाबून रात्रभर ठेवला, सकाळी तो मऊ पडलेला.

आमचं घर आचऱ्याला, खाडीपासून फार लांब नाही. इथे जून ते सप्टेंबर मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं. अशा हवेत पोलादाला स्पंजात गुंडाळून ठेवायचं ही कल्पना ज्याची असेल त्याला एक पावसाळा आमच्या मांगरात, म्हणजे गवत-अवजारं ठेवायच्या पडघरात, ठेवला पाहिजे.

मी पोलिसात शिपाई म्हणून लागलो आणि सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं मुख्यालयात हत्यारांच्या कामावर होतो. आमच्या कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, रायफली लाकडी रॅकवर उभ्या असायच्या, चारी बाजूंनी हवा. पावसाळ्यात कापडी खोळ चढवलेली दिसली की कोत हवालदार शिव्या घालायचा. ट्रेनिंगला आमच्या हातात .३०३ रायफल होती, दहा राऊंडचं मॅगझिन, वजन चार किलोच्या आसपास. चांदमारी झाली की उस्ताद तिच्या नळीतून उकळतं पाणी ओतायला लावायचे, कारण त्या जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याचे क्षार नळीत राहायचे आणि ते तेलाने नाही, पाण्यानेच सुटायचे. मग फुलथ्रू, म्हणजे नळीतून ओढायची दोरी, चिंधी, शेवटी तेलाचा हात. त्या रायफली आमच्यापेक्षा वयाने मोठ्या होत्या आणि कोकणातले किती पावसाळे खाऊन बसल्या होत्या देव जाणे. त्यांना कुणी फोम दिला नव्हता.

सर्व्हिसवाल्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं, गंज वॉरंटीत येत नाही. मी म्हटलं, पेटी तुमची, फोम तुमचा, पेटीत ठेवा हा हुकूमही तुमचा. त्यावर पलीकडचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, फोम इम्पोर्टेड आहे." फोन ठेवला. शून्य नंबरच्या स्टील वूलने तेल लावून ठिपके काढले, बॅरलवर आता फिकट डाग आहेत. स्क्रू गावच्या दुकानात स्टेनलेसचे मिळाले, चहाच्या पैशांत. कंपनीने पहिल्यापासून तेच लावले असते तर तिचं काय दिवाळं निघणार होतं?

आता पिस्तूल. .१७७, म्हणजे ४.५ मिमी, आणि ताकद २० ज्यूलच्या कितीतरी आत, त्यामुळे परवाना लागत नाही. निवृत्तीनंतर हात शांत बसेना म्हणून आणि पुतणीला शाळेच्या स्पर्धेत उतरायचं होतं म्हणून पेन्शनीतून घेतलं. मांगरात दहा मीटर मोजून घेतले, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. मागे चिऱ्याची भिंत आहे, तिच्यावरून शिशाचा छर्रा उलटा येऊ शकतो, म्हणून पुढे पत्र्याचा तिरका ट्रॅप आणि त्याच्या मागे गोणपाट. डोळ्यांना चष्मा दोघांच्याही.

ट्रिगरसाठी मात्र पैसे वसूल. १० मीटर पिस्तुलाच्या नियमात ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा लागतो, हा बरोबर त्याच्या जरा वर लावता येतो. नोकरीतल्या ग्लॉक पिस्तुलाचा ट्रिगर अडीच किलोच्या आसपास, आणि तो मऊ म्हणावा असे दणकट ट्रिगर मी ओढलेत. पहिल्या दिवशी या पिस्तुलाने मला लाज आणली. बोट नुसतं टेकवलं आणि शॉट गेला, टार्गेटच्या पांढऱ्यात. पोलिसातली सवय म्हणजे दोन्ही हातांची पकड, माणसाच्या आकाराचं टार्गेट, छातीत कुठेही लागलं तरी चालेल पण लवकर लागलं पाहिजे. इथे एकच हात, दुसरा खिशात, काळ्या गोलाचा व्यास ५९.५ मिमी आणि दहाचं वर्तुळ फक्त ११.५. शॉट घाईने सोडायचा नाही, बोटाचा दाब वाढवत राहायचं आणि पुढची साइट काळ्याच्या खाली पांढऱ्यात तरंगू द्यायची. ती स्थिर राहणारच नाही. स्थिर झाली की झटकन ओढू असं ज्याने ठरवलं त्याचा शॉट खाली डावीकडे गेलाच समजा, उजव्या हाताने मारत असेल तर.

वय झालं की आणखी एक भानगड होते. टार्गेट स्वच्छ दिसतं आणि पुढची साइट धूसर. हवं असतं नेमकं उलट. साइट काटेकोर, टार्गेट धूसर चालतं. कणकवलीच्या चष्मेवाल्याला हात लांब करून ते अंतर दाखवलं आणि त्या अंतराची काच उजव्या डोळ्याला बसवून घेतली. साठीच्या आसपासचा जो कोणी पिस्तूल घेईल त्याने आधी काच करून घ्यावी, महागडे पेलेट, म्हणजे छर्रे, मागाहून.

ड्राय फायरची सोय या पिस्तुलात आहे. हवा जात नाही, पेलेट लागत नाही, ट्रिगर मात्र खऱ्यासारखा सुटतो. काटकसरी माणसाला याहून काय हवं! पावसात संध्याकाळी पडवीत कोऱ्या भिंतीकडे बघून मी हेच करायचो. उस्ताद रायफलीच्या नळीवर नाणं ठेवायचे, ट्रिगर दाबल्यावर नाणं पडता कामा नये. माझ्या मनगटात .३०३ चा आणि एसएलआर रायफलीचा धक्का इतकी वर्षं मुरलाय की आवाज नसतानाही साइट किंचित खाली बुडायची. पुतणीची बुडत नाही. तिने धक्का कधी खाल्लाच नाही. ती माझ्यापेक्षा बरी मारते आणि मला ते बोलून दाखवते.

इथवरचा मजकूर सप्टेंबरात लिहून ठेवला होता आणि शेवटी 'घेऊ नका' असं लिहिलं होतं. ते काढून टाकलं. कारण पुढे आहे.

जुलैपासून ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, उभा ताणला जात होता. आडवा ठीक, पण मधूनच एखादा शॉट एक रिंग खाली. आधी श्वासावर संशय घेतला, मग मनगटावर. शेवटी वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून मारलं, तरीही तेच. म्हणजे हात निर्दोष. वेग कमीजास्त होत होता, म्हणजे दोष हवेत. सिलिंडर मी हातपंपाने भरत होतो. २०० बार म्हणजे बाहेरची हवा दोनशेपट दाबून आत कोंबायची, आणि जुलैतल्या मालवण तालुक्याच्या हवेत वाफ किती असते ते सांगायला नको. दाबल्यावर तिचं पाणी होतं. पंपाला सिलिका जेलची नळी आहे, पण आमच्याकडे ती दोन दिवसांत निळ्याची गुलाबी होते. सिलिंडर उभा धरून हवा हळूहळू सोडली तर तोंडाशी धुकं आणि खाली स्टीलच्या वाटीत चार थेंब. तेच पाणी रेग्युलेटरात, म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागात, जाऊन तो अडकत होता.

सर्व्हिसवाले म्हणाले, हवा तुमची, पंप तुमचा. हे त्यांचं मी मान्य केलं. फोमचं नाही.

उपाय मालवणात सापडला. तिथे आणि तारकर्ली-देवबागला स्कूबावाल्यांचे कॉम्प्रेसर आहेत, ते हवा गाळून, कोरडी करून बाटल्यांत २०० बारपर्यंत भरतात. माणूस पाण्याखाली श्वास घेणार म्हणून भरायची काळजीही तेवढीच. पावसाळ्यात त्यांचा धंदा बंद, म्हणून जुलैत हे सुचूनही उपयोग नव्हता. सीझन सुरू झाल्यावर एका ओळखीच्या पोराकडे गेलो. तो हसला. "काका, माणूस ह्याच हवेर पाण्याखाली ऱ्हवता, तुमच्या पिस्तुलाक काय होतला?" बाटली त्याची जुनी, चाचणीची तारीख बघून भाड्याने घेतली. फक्त तिच्या तोंडाच्या क्लॅम्पवर बसणारा ॲडॉप्टर मुंबईहून मागवावा लागला. एका बाटलीत पिस्तुलाचा सिलिंडर पुष्कळ वेळा भरतो. बाटलीतला दाब उतरत जातो तसा शेवटी सिलिंडर पूर्ण भरत नाही, पण सरावाला चालतं. भरताना सावकाश भरायचं, घाई केली की सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो.

रेग्युलेटर कंपनीकडे पाठवला होता. ओ-रिंगा बदलून आला, मजुरी लावली नाही, कुरिअरचे पैसेही घेतले नाहीत. हे मला अपेक्षित नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितो. त्यानंतर वाळूच्या पिशवीवर पाच शॉट मारले तर पाचही एकाच फाटक्या भोकात. चपट्या तोंडाचे पेलेट कागदाला गोल कापतात, त्यामुळे गुण मोजायला भांडण नको. पेलेटचे डबे मात्र घट्ट झाकणाचे घ्या, दमट हवेत शिशावर पांढरी पूड धरते आणि ती नळीत जाते.

तेव्हा घ्यायचं तर घ्या, किनाऱ्यावर राहत असलात तरी घ्या, पण हातपंपाचे पैसे वाचवून ॲडॉप्टरला घाला. पिस्तूल सध्या लाकडी खुंट्यांवर आडवं असतं, जुन्या पोलादी कपाटात, कुलपात, तेलाचा पातळ हात लावून. पेटीतला फोम उपटून काढला. पेटीत आता घरचे पाने-पक्कड आहेत.